अँटिगनीची साक्ष

डॉ. श्रीराम लागू यांनी मराठी रंगभूमीवर आणलेली ‘अँटिगनी’ मूळ सॉफोक्लिसची नव्हे, झाँ अनुई या फ्रेंच नाटककाराची. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये १९४४ साली प्रथम सादर झालेल्या या नाटकात ग्रीक कथा कायम आहे : राजाज्ञा मोडून बहीण भावाच्या प्रेतावर माती लोटते आणि मरण पत्करते. मात्र तिचा आधार बदलतो. सॉफोक्लिसची नायिका देवांच्या अलिखित नियमांची ग्वाही देते. अनुईच्या नायिकेला आपण कशासाठी मरतो आहोत, हेच अखेरीस कळेनासे होते. राजा क्रेऑनही उन्मळून पडत नाही. पाच वाजता मंत्रिमंडळाच्या बैठकीस निघून जातो.

सत्तेचे हे कोडगेपण आधुनिक प्रेक्षकाला ओळखीचे वाटते, हे नाटकाचे सामर्थ्य होय. परंतु मृतांस मूठमाती देणाऱ्या तोबिताची कथा ऐकत वाढलेल्या आपणांस उणीव जाणवते. आमच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांसह धरणाविरुद्ध उभे राहिलेले मावळे तुरुंगात गेले, ते कशासाठी हे जाणून. नकाराला श्रद्धेचे अधिष्ठान लाभले की मरणारा रक्तसाक्षी ठरतो. ती साक्ष अनुभवण्यासाठी रसिकाने अनुईनंतर सॉफोक्लिसकडे परतावे.