गौरवलेखांतील एक उणीव

विदुषींचीं चरित्रें आज घरोघरीं वाचलीं जातात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि विज्ञानाच्या क्षेत्रांत काम केलेल्या स्त्रियांविषयीं लिहितांना आमच्या लेखकांच्या हातून एक दोष वारंवार घडतो. तो दाखविणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गांवीं राहणाऱ्या राहीबाई सोमा पोपेरे यांचेंच उदाहरण घ्या. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या आदिवासी शेतकरी बाईंनीं भात, वाल, घेवडा व भाजीपाला यांच्या गांवठी वाणांचा संग्रह घरींच उभारिला. 'बायफ' संस्थेच्या साहाय्यानें तो वाढला, आणि २०२० च्या यादींत त्यांस पद्मश्री मिळाली. लेखक मात्र त्यांस 'बीजमाता' म्हणून हात जोडतात व पुढें जातात. आम्हींहि हा शब्द कौतुकानें वापरिला आहे. पण वाण ओळखणें, निवडणें, कीड न लागेल असें बियाणें राखणें, पुढील हंगामीं पेरून पडताळणें, हें निरीक्षण आणि प्रयोग नव्हे काय? त्यास केवळ मातृहृदयाचा उमाळा ठरविलें, कीं ज्ञान उपजत भासूं लागतें व श्रम दिसेनासे होतात. चूल, मुलें आणि भातलावणी संभाळून हें काम कोणत्या वेळीं झालें, याचा हिशेब लेखांत सांपडत नाहीं.

उच्चविद्याविभूषित स्त्रीच्या वांट्यासहि हेंच येतें. कमला सोहोनी यांस १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत सर सी. व्ही. रामन यांनीं स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला, मग अटींवर दिला; १९३९ सालीं त्यांनीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. हा भाग सारे लेखक उत्साहानें रंगवितात. परंतु १९४७ सालीं विवाहानंतर कुन्नूरची प्रयोगशाळा मागें ठेवून त्या मुंबईस आल्या, तेथें संसार व संशोधन दोन्ही चालविलीं, त्या वर्षांविषयीं 'घर आणि काम समर्थपणें संभाळलें' अशा अर्थाच्या एका वाक्यावर लेखणी थांबते.

हें वाक्य दिसतें तितकें निरुपद्रवी नाहीं. तें वाचणाऱ्या मुलीस वाटतें, कीं संभाळणें हा अंगचा गुण आहे, आणि आपणांस तें जमलें नाहीं तर दोष आपलाच. मूल कोणीं पाहिलें, स्वयंपाक कोणीं केला, पतीनें कोणता भार उचलिला, बाळंतपणानंतर प्रयोगशाळेचें दार पुन्हां उघडलें काय, हे प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. घरांतल्या गोष्टी छापूं नयेत, असा आक्षेप येईल. पण आमची मागणी गुपितांची नाहीं. चरित्रनायिकेच्या संमतीनें सांगतां येईल एवढ्याच हिशेबाची आहे.

आमच्या घरांतील मुली आज विज्ञान शिकत आहेत. त्यांस वंदनासाठीं मूर्ति पुष्कळ मिळाल्या. आतां दिवसाचे तास कसे वांटले गेले, व कोणीं वांटून घेतले नाहींत, हें सांगणारें चरित्र कोणी लिहील काय?