काहीतरी चुकलं आहे!

मी समीक्षक नव्हे. मी बँकेतला कारकून. बी. कॉम. झालो तो जमाखर्चाच्या कृपेनं. शाळेत मराठीच्या मास्तरांनी मला पस्तिसाच्या वर कधी जाऊ दिलं नाही. तरीही आज मी एका साहित्यप्रकाराची समीक्षा करायला बसलो आहे, कारण ज्यांनी ती करायची ते प्राध्यापक अजून कादंबरीतून बाहेर आलेले नाहीत. हा साहित्यप्रकार आकारानं सुविचाराएवढा, वाचकसंख्येनं पंचांगाच्या तोडीचा आणि अर्थाच्या बाबतीत कोरडा ठणठणीत आहे. घरातली उपकरणं मोबाइलवरून चालवायच्या अ‍ॅपमध्ये बिघाड झाला, की पडद्यावर जो मजकूर उमटतो, तो हा.

आमच्या घरात हे अ‍ॅप चिरंजीवांनी आणलं. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यामुळे घरातल्या कुठल्याही धड चालणाऱ्या वस्तूला त्यांच्यापासून धोका असतो. त्यांनी गीझरच्या प्लगमध्ये एक पांढरा ठोकळा बसवला आणि जाहीर केलं, "बाबा, आता गीझर चालू राहिला की काय, ही चिंता संपली. लोकलमधून बंद करायचा!" पाठोपाठ ताकीद आली. भिंतीवरचं बटण कुणीही बंद करायचं नाही. केलं, तर ठोकळ्याची वीज जाते आणि अ‍ॅपचा त्याच्याशी संपर्क तुटतो. म्हणजे हाताशी असलेलं बटण दाबायचं नाही आणि वीस मैलांवरून दाबायचं! याला प्रगती म्हणतात.

जानेवारीतली गोष्ट. डोंबिवलीहून निघालेल्या आमच्या गाडीनं दिवा सोडलं आणि मला गीझरचा दिवा आठवला. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्या अवस्थेत मी मोबाइल काढला आणि बटण दाबलं. एक चक्र गरगरलं आणि मजकूर उमटला : 'अरेरे! काहीतरी चुकलं आहे. पुन्हा प्रयत्न करा.' मी आज्ञाधारक माणूस. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अरेरे. असं करत करत सहा वेळा दाबलं तेव्हा कुठे पडद्यावर 'बंद' हा शब्द दिसला. कृतार्थ होऊन मी घरी फोन केला. घरी आई एकटीच.

"आई, गीझर बंद केलाय गं."

"अरे, पण लाल दिवा दिसतोय."

"आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला तुला. दिसत असेल लाल. अ‍ॅपमध्ये बंद आहे."

आई गप्प बसली. पाचेक मिनिटांनी अ‍ॅप स्वतःहून बोललं : 'उपकरण ऑफलाइन आहे. आपलं इंटरनेट तपासा.' मी पुन्हा फोन केला.

"आई, भिंतीवरचं बटण बंद केलंस का?"

"केलं. चालू होता तो."

"अगं, अ‍ॅपमध्ये बंद दिसत होता."

"असेल. पाण्याला कुठे माहीत होतं?"

रात्री चिरंजीवांनी ठोकळ्याची नोंदवही उघडली. तिच्यात माझे सहाही हुकूम वेळेसह हजर होते. पहिल्याच हुकमाला गीझर इमानेइतबारे बंद झाला होता. पण माझा हुकूम कंपनीच्या सर्व्हरकडे, तिथून आमच्या राउटरकडे आणि तिथून ठोकळ्याकडे गेला, तरी 'झालं काम' हा निरोप उलट्या वाटेनं येताना मध्येच हरवला. निरोप नाही, म्हणून अ‍ॅप अरेरे म्हणालं. आणि मी दाबत होतो त्या बटणाचा अर्थ 'बंद कर' असा नव्हता. 'आहे त्याच्या उलट कर' असा होता!

"किती वेळा दाबलंत म्हणालात?"

"सहा."

"सम संख्या, बाबा. म्हणून चालू."

"आणि पडद्यावर 'बंद' कसं आलं?"

"तो अ‍ॅपचा अंदाज. खात्री करेपर्यंत थांबलं तर लोकांना अ‍ॅप संथ वाटतं ना."

इथे माझ्यातला कारकून खवळला. आमच्याकडे चेक भरणं आणि चेक वटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्लिपवर शिक्का मारून दिला म्हणजे पैसे आले, असं पोरगासुद्धा समजत नाही. या अ‍ॅपनं स्लिपवर शिक्का मारला आणि पासबुकात रक्कमही चढवून टाकली! शिवाय आमच्या प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा नंबर असतो. तोच कागद सहा वेळा आला तरी नोंद एकदाच होते. इथे प्रत्येक 'पुन्हा प्रयत्न' हा नवा व्यवहार!

आता समीक्षेकडे वळतो. कलाकृतीचा पहिला शब्द 'अरेरे'. हा दुखवट्याचा शब्द आहे. पण गेलं कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसरं वाक्य 'काहीतरी चुकलं आहे'. यात क्रियापद आहे, कर्ता फरार आहे. तिसरं 'पुन्हा प्रयत्न करा', हा उपदेश. आमच्या बाबतीत तर तेवढ्यानंच घात केला.

याच्याशेजारी आमचा चेक परत पाठवण्याचा मेमो ठेवून पाहा. 'पुरेशी शिल्लक नाही', 'सही जुळत नाही', 'अक्षरी व अंकी रकमेत फरक'. चार शब्दांत काय झालं ते कळतं आणि आता काय करायचं तेही. 'चेक देणाऱ्याला विचारा' असा एक गुळमुळीत शेरा आमच्यातही आहे. पण त्यात निदान कुणाला विचारायचं एवढं तरी सांगितलेलं असतं!

चुका होतात, हे मला मान्य आहे. 7 डिसेंबर 2021 रोजी अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरांमध्ये काही तास बिघाड झाला, तेव्हा तिकडच्या घरांतल्या कॅमेऱ्याच्या घंटा आणि केर काढणारी यंत्रं अ‍ॅपचं ऐकेनाशी झाली. झाडू मात्र चालू होते. यंत्र बिघडणं हा गुन्हा नाही. एटीएमही बिघडतं. पण खात्यातून पैसे गेले आणि नोटा आल्या नाहीत, तर ते 5 दिवसांत परत जमा करा, पुढे उशीर कराल तर दिवसाला 100 रुपये भरा, असं रिझर्व्ह बँकेनं 2019 मध्ये आम्हाला बजावलं आहे. बिघाडानंतर कुणी काय करायचं, हे आधी ठरलेलं असतं.

अ‍ॅपकडून माझी अपेक्षा फार नाही. त्यानं एवढंच म्हणावं : 'हुकूम पाठवला, उत्तर आलं नाही. 9 वाजून 10 मिनिटांनी गीझर चालू होता. आता काय आहे ते मला माहीत नाही. घरी कुणी असेल तर बघायला सांगा.' माहीत नाही म्हणण्यात कमीपणा नाही. हिशेब जुळला नाही तर आम्ही फरक उचंत खात्यात टाकतो. जुळला असं म्हणत नाही. आणि ते खातं कधीतरी निपटावं लागतंच.

माझ्याही एका उचंत खात्याचं काम राहिलं होतं. घरी माणूस होतं, त्याला डोळे होते, त्या डोळ्यांना दिवा दिसत होता; आणि मी वीस मैलांवरच्या पडद्यावर विश्वास ठेवून त्या डोळ्यांनाच खोटं ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर मी आईच्या पलंगाशी जाऊन उभा राहिलो. ती डोळ्यांत औषधाचे थेंब घालून पडली होती.

"आई," मी म्हणालो, "सकाळी काहीतरी चुकलं."

डोळे न उघडता तिनं विचारलं, "कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"बरं," आई म्हणाली. "आता तो दिवा मालव. बटणानं मालव."