‘माळा’ची ‘मैना’ होताना

अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर निघालेल्या चित्रपटांची एक यादी मी काही वर्षांपूर्वी वहीत केली. डावीकडे कादंबरीचे नाव, उजवीकडे चित्रपटाचे. सात जोड्या जमल्या. ‘वैजयंता’, ‘फकिरा’ आणि ‘वारणेचा वाघ’ ही तीन नावे तशीच राहिली. चार बदलली. ‘आवडी’चा ‘टिळा लावते मी रक्ताचा’ झाला, ‘माकडीचा माळ’चा ‘डोंगरची मैना’, ‘चिखलातील कमळ’चा ‘मुरली मल्हारीरायाची’ आणि ‘अलगूज’चा ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’.

टिकलेली नावे पाहा. एक तमाशातल्या स्त्रीचे, दोन शूर पुरुषांची. ‘सांगत्ये ऐका’च्या (१९५९) यशानंतर ग्रामीण चित्रपटाला चालणारी हीच दोन नाणी होती. ज्या नावांत ती नव्हती, त्यांना नवे कपडे चढवले गेले. ‘मुरली मल्हारीरायाची’ हे नाव मात्र मूळ नावापेक्षा विषयाला अधिक थेट भिडते, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा नावबदल म्हणजे प्रत्येक वेळी अन्याय, असे मी म्हणत नाही.

पण ‘माकडीचा माळ’चे काय? हा माळ म्हणजे गावाबाहेरची उघडी जमीन. माकडवाले, दरवेशी, गारुडी, डोंबारी अशी भटकी माणसे तिथे पाले ठोकतात. त्यांची जनावरे, त्यांची भांडणे, त्यांची जातपंचायत, सगळे त्या माळावर आहे. कादंबरीत प्रेमकथाही आहे. पण ती वस्तीच्या पोटात आहे, वस्ती तिच्या पाठीमागचा पडदा नाही. नावातून माळ गेला आणि मैना आली, तेव्हा कॅमेऱ्याने कुणाकडे पाहायचे हे जाहिरातीतच ठरून गेले. प्रेक्षक मैनेला पाहायला आला. माळावरची माणसे तिच्या मागे उभी राहिली.

‘फकिरा’चे (१९५९) नाव टिकले, म्हणून प्रश्न सुटला असे नाही. या कादंबरीत फकिरा तलवार हाती घेतो त्याआधी बरेच काही घडते. बाप राणोजी गावासाठी जोगणी आणताना जीव गमावतो. दुष्काळ पडतो, लोक अन्नावाचून तडफडतात. सरकारने मांग जमातीवर लादलेली हजेरी आहे. चोरी केली नसताना रोज जाऊन ‘मी इथेच आहे’ हे सिद्ध करायचे. फकिरा धान्य लुटतो ते या भुकेपोटी आणि शेवटी स्वाधीन होतो ते आपल्या माणसांच्या सुटकेसाठी. पडद्यावर त्याचा गबऱ्या घोडा कुणालाही भुरळ घालील. हजेरीच्या रांगेतला माणूस भुरळ घालत नाही. पण तो नसेल तर घोड्यावरचा माणूस नुसता दरोडेखोर उरतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमके हेच लेबल माणसांना जन्मतःच चिकटवले होते. चित्रपटाने नकळतसुद्धा तेच करावे, याहून मोठी विटंबना ती कोणती?

माध्यम बदलले की बदल करावेच लागतात, हे खरे. पण वस्ती हाच नायक असलेली कादंबरी पडद्यावर येऊच शकत नाही, असे कुणी म्हणू नये. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) चाळीस वर्षांनी अमोल पालेकरांनी चित्रपटात आणली. पटकथा खुद्द माडगूळकरांची. तिथे मास्तर आहे, कारभारी आहे, तरी प्रेक्षकाच्या मनात राहते ती वाडी. नाव बदलावेसे कुणाला वाटले नाही.

आधीच्या निर्मात्यांना दोष देण्यात मला रस नाही. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या, मुंबईच्या गिरणीत राबलेल्या लेखकाच्या सात कादंबऱ्या त्यांनी पडद्यावर आणल्या, हे उपकारच. नव्या दिग्दर्शकाकडे मागणे एवढेच : घटना गाळा, पात्रे जोडा, शेवट हवा तर अलीकडे आणा, पण कादंबरीतली भूक आणि कायदा गाळू नका. आणि ‘माकडीचा माळ’ कधी पुन्हा पडद्यावर आलाच, तर पाटीवर पहिल्यांदा माळ असू द्या. त्या माळावरची माणसे अजून त्यांच्या चित्रपटाची वाट पाहत आहेत.