लघुलेख, वाचकसंख्या आणि इतिहास

आंतरजालावर मराठींत इतिहासविषयक लघुलेखांचें पीक सांप्रत उदंड आलें आहे. दोनतीनशें शब्दांत एखादा किल्ला, एखादी लढाई किंवा एखादा पुरुष आटोपावयाचा, मथळा आकर्षक द्यावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या विषयाकडे वळावयाचें, असा या लेखनाचा सामान्य क्रम आहे. या मार्गानें वाचक मिळतात, हें निर्विवाद होय. ज्यांनीं एकही बखर कधीं उघडली नाहीं, असे लोक मोबाईलवर हे लेख आवडीनें वाचतात आणि इष्टमित्रांस धाडतात. तेव्हां संशोधकांनीं या प्रकाराकडे तुच्छतेनें पाहावें कीं त्याचा अंगीकार करावा, हा प्रश्न आतां टाळतां येण्याजोगा राहिलेला नाहीं.

पूर्वपक्ष असा मांडला जातो: इतिहास हा प्रमाणांचा विषय आहे, प्रमाणें द्यावयाचीं तर जागा लागते, लघुलेखांत जागा नसते, म्हणून लघुलेख आणि इतिहास यांचें सख्य होणें नाहीं. या अनुमानांतील हेतु दुबळा आहे. जेथें संक्षेप तेथें अप्रामाण्य, अशी व्याप्ति कोठेंच सिद्ध झालेली नाहीं. पाणिनीचीं सूत्रें सुमारें ४०००. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी त्या शास्त्राची ख्याति. तथापि हीं सूत्रें आंखूड आहेत म्हणून अप्रमाण आहेत, असें कोणी म्हटलें नाहीं. कारण त्यांच्यामागें वार्तिकें आणि महाभाष्य उभीं आहेत, आणि शंका आल्यास कोठें जावयाचें हें विद्यार्थ्यास ठाऊक असतें. सांप्रतच्या लघुलेखांवर आक्षेप घ्यावयाचा तो एवढाच कीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या मागें भाष्य नाहीं.

लहान लेखांनीं वाचक घडविल्याचें मराठींतील ठळक उदाहरण म्हणजे लोकहितवादींचीं शतपत्रें. गोपाळ हरि देशमुख यांनीं वयाच्या पंचविशींत, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकांत तीं लिहिलीं; त्यांची एकूण संख्या १०८. मराठी नियतकालिकांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’नें १८३२ सालीं झाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वेळीं मराठी वाचकवर्ग किती कोवळा होता याची कल्पना येते. अशा वर्गास दीर्घ प्रबंध रुचला नसता. लोकहितवादींनीं एका पत्रास एक विषय घेतला, बोलल्यासारखी भाषा वापरली, आणि स्वाक्षरी व स्थान हीं कायम ठेवलीं. वाचकास लेखकाची ओळख पटली आणि पुढील पत्राची वाट पाहण्याची संवय लागली. आज आंतरजालावर वाचक वाढविण्याचे म्हणून जे उपाय सांगितले जातात, त्यांतील ग्राह्य अंश या पत्रांत पूर्वींच आलेला आहे.

परंतु शतपत्रांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. त्यांत पुनरुक्ति पुष्कळ आहे, आणि गतकालाविषयींचीं विधानें आधार न देतां केलेलीं आहेत. पुढें १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तींत लोकहितवादींवर कठोर टीका केली. त्या टीकेंतील आवेश सोडून दिला तरी एक गोष्ट उरते: आजच्या समाजाविषयीं मत देण्यास एक पत्र पुरतें, दोनशें वर्षांपूर्वीं काय घडलें हें सांगण्यास मत पुरत नाहीं. लोकहितवादी सुधारणा सांगत होते, म्हणून त्यांस हें खपून गेलें. इतिहास सांगणाऱ्या लघुलेखकास ही सवलत घेतां येणार नाहीं.

वाचकांची मोजदाद करण्याचा मोहही नवा नव्हे. लंडनमध्यें १७११ सालीं ॲडिसन व स्टील यांनीं ‘स्पेक्टेटर’ हें एका कागदाचें पत्र काढलें. रोज ३००० प्रती जातात आणि प्रत्येक प्रत २० जण वाचतात, असा हिशेब करून ॲडिसननें आपले वाचक ६०,००० धरले. उलट जॉन्सनच्या ‘रॅम्ब्लर’चे १७५० ते १७५२ या काळांत २०८ अंक निघाले, तेव्हां त्याचा खप ५०० च्या आंतच होता, पण तेच लेख ग्रंथरूपानें जॉन्सनच्या हयातींतच अनेकवार छापले गेले. याच जॉन्सनचा ‘रासेलस’ कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या चिपळूणकर पितापुत्रांनीं मराठींत आणला, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. पहिल्या दिवसाचा खप हें लेखाच्या योग्यतेचें माप नव्हे, इतकें यावरून सिद्ध होतें. आंतरजालावरील आंकडा तर याहूनही फसवा; तो लेख किती वेळां उघडला हें सांगतो, किती जणांनीं शेवटपर्यंत वाचला आणि त्यांतून किती जण मूळ ग्रंथाकडे वळले हें सांगत नाहीं.

मूळ साधनेंच हप्त्याहप्त्यानें देऊन वाचक मिळविण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे, आणि या विषयांत खरा आदर्श तोच होय. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री यांनीं १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक काढून बखरी व जुनीं काव्यें क्रमशः लोकांपुढें आणलीं. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे पेशानें संस्कृतचे शिक्षक. त्यांनीं पटवर्धन दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपानें १८९७ पासून प्रसिद्ध केलीं. नुसतीं पत्रें सामान्य वाचकास दुर्बोध व्हावयाचीं, म्हणून शास्त्रीबोवांनीं त्या त्या प्रकरणाची हकीकत सुगम भाषेंत आधीं सांगितली आणि मग पत्रें दिलीं. हकीकतीच्या गोडीनें आलेला वाचक पत्रांपर्यंत पोंचला. लोकहितवादींची सुगमता आणि खऱ्यांचें प्रामाण्य यांचा मेळ दोनतीनशें शब्दांत घालतां येईल काय, हाच आजचा प्रश्न आहे.

घालतां येईल, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. सिंहगडाचेंच उदाहरण घेऊं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ कोंढाण्यास सिंहगड हें नांव मिळालें, असें सांगणारे लघुलेख दरवर्षीं त्या तिथीस फिरतात. आतां १६६३ च्या एका शिवकालीन पत्रांत सिंहगड हें नांव आढळतें. सभासदाच्या बखरींत या प्रसंगीं महाराजांच्या तोंडीं जो उद्गार आहे, त्यांत सिंह नाहीं. घोरपडीची कथा त्या बखरींत नाहीं. ती तुळशीदासाच्या पोवाड्यांत आहे. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीनें तो प्रसिद्ध उद्गार घरोघरीं पोंचविला. एवढा मजकूर शंभर शब्दांत बसतो. यानें तानाजीच्या पराक्रमास लवमात्र उणेपणा येत नाहीं. उलट पत्र, बखर, पोवाडा आणि कादंबरी यांची योग्यता एकसारखी नसते, हा इतिहासाचा पहिला धडा वाचकास अनायासें मिळतो.

येथें एका व्यावहारिक अडचणीचा विचार केला पाहिजे. असे लेख एकाकडून दुसऱ्याकडे जातांना त्यांचें शेपूट तुटतें. शेवटचा आधार गळतो, लेखकाचें नांव गळतें, मधेंच कोणी एखादें वाक्य घुसडतो. हस्तलिखित पोथ्यांशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस हा रोग अपरिचित नाहीं. शेवटचें पान गहाळ झालें कीं पुष्पिका जाते आणि ग्रंथ निनांवी होतो. समासांतील टीप पुढील लेखकाच्या हातून संहितेंत शिरते. अशा पाठभेदांचा निवाडा करून महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करण्याचें काम भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. मोबाईलवरील लेखासाठीं असा खटाटोप कोणी करणार नाहीं. म्हणून आधार टीपेंत न ठेवतां वाक्याच्या पोटांतच गुंफावा. ‘अमुक सालच्या अमुक पत्रांत असें आहे’ हा शब्दसमूह वाक्यांतून काढून टाकणें जड जातें.

यावरून चार नियम निष्पन्न होतात. एका लेखांत एकच प्रश्न घ्यावा. आधार लेखाच्या अंगांत असावा. लेखमालेस क्रम असावा, म्हणजे दहावा लेख वाचणाऱ्यास नववा शोधावासा वाटेल. आणि चूक आढळल्यास ती गुपचूप पुसून न टाकतां, मूळ वाक्य व दुरुस्ति दोन्ही दिसतील अशी नोंद करावी. आंतरजालावर दुरुस्ति तात्काळ करतां येते, ही छापील ग्रंथास दुर्लभ अशी सोय आहे; तिचा उपयोग क्वचितच केला जातो, हें आश्चर्य होय.

मोडी लिपींतील कागदांचे ढीग आपल्या दप्तरखान्यांतून वाचकांची वाट पाहत पडून आहेत. ते वाचणारे हात आणि डोळे नव्या पिढींतूनच यावयाचे, आणि ती पिढी इतिहासास प्रथम भेटते ती मोबाईलच्या पडद्यावर. तेथें जाणत्यांनीं लिहिलें नाहीं तर अजाणते लिहीतच आहेत. इतिहासमंडळांनीं आपल्या संग्रहांतील एक पत्र, त्याचें छायाचित्र, मोडीचें देवनागरी रूप आणि चार ओळींचा अर्थ, असा एक लघुलेख दर आठवड्यास देण्याचा नेम धरावा. त्यास वाचक थोडे मिळाले तरी चिंता नाहीं. वर्षाकांठीं त्यांतील पांच जण मोडी शिकावयास आले, तर त्या लेखमालेचें सार्थक झालें असें समजावें.