पॉलिकार्पच्या अस्थी : एका हौतात्म्यकथेचा पुनर्विचार

ख्रिस्ती परंपरेतील अवशेषपूजेचा इतिहास अभ्यासक बहुधा स्मर्नाचे (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्यकथेपासून आरंभतात. स्मर्नाच्या ख्रिस्तमंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीस लिहिलेल्या ग्रीक पत्राचे रूप या कथेस असून तीतील घटना सामान्यतः इ. स. १५५-१५६ च्या सुमाराची मानली जाते.

चितेच्या ज्वाला वृद्ध पॉलिकार्प यांना जाळीत नाहीत, तेव्हा त्यांना शस्त्राने भोसकले जाते व नंतर प्रेत जाळले जाते. हा अद्भुत भाग वाचकप्रिय असला, तरी कथेचे वैचारिक मर्म १७ व्या व १८ व्या प्रकरणांत आहे. अनुयायी अस्थी वेचतात, त्या रत्नांहून मोलाच्या मानतात, योग्य स्थळी ठेवतात आणि हौतात्म्याचा दिवस ‘जन्मदिन’ म्हणून तेथे पाळण्याची इच्छा व्यक्त करतात. अस्थी म्हणताच मराठी वाचकास विसर्जन आठवते. येथील क्रिया नेमकी उलट, जतनाची आहे. प्रेताचा विटाळ मानणाऱ्या रोमन समाजात ही वृत्ती खचितच धाडसाची होती.

तथापि या वर्णनाआधीच कथाकार एका आक्षेपास उत्तर देतो. प्रेत दिल्यास हे लोक ख्रिस्ताला सोडून यालाच भजतील, असे विरोधक म्हणतात. (त्यांच्यामागे ज्यूंची चिथावणी होती, हा कथेतील आरोप इतिहास म्हणून स्वीकारणे धोक्याचे आहे.) त्यावर उत्तर असे, की पूजा ख्रिस्ताची, हुतात्म्यांवर प्रेम, तेही त्याचे शिष्य व अनुकर्ते म्हणून. इतक्या सूक्ष्म भेदाची चिंता परक्यांना असण्याचे कारण नाही. आक्षेप मंडळीच्या आतूनच उठलेला असावा. प्रथा रूढ झाल्यावाचून तिचे समर्थन कशास? म्हणूनच ही कथा तिसऱ्या शतकातील असावी, हा कँडिडा मॉस यांनी २०१० मध्ये मांडलेला तर्क विचारार्ह ठरतो. युसेबियस यांनी चौथ्या शतकाच्या आरंभी हे दोन्ही भाग उद्धृत केले आहेत. परंतु त्यामुळे केवळ उत्तरमर्यादा निश्चित होते.

मात्र या तर्कास कथेचा संयम आडवा येतो. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे अँब्रोज यांना गर्वासियस व प्रोटासियस यांच्या अस्थी सापडल्या, तेव्हा एका अंधास दृष्टी आल्याचे सांगितले गेले. स्मर्नाच्या अस्थी कोणासही बरे करीत नाहीत. त्यांच्यापाशी जमायचे ते झुंजून गेलेल्यांच्या स्मरणासाठी आणि पुढे झुंजणाऱ्यांच्या तयारीसाठी.