अ‍ॅनीची शंका, मेरी-क्लेअरचा पुरावा

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, स्वतःच्या अनुभवातून आलेली खात्री म्हणजे ज्ञान का नाही?" उत्तरासाठी आज एक चित्रपट घेतो : स्टीव्हन बर्नस्टाइन यांचा २०१३ सालचा 'डिकोडिंग अ‍ॅनी पार्कर'.

अ‍ॅनी टोरांटोची. आई आणि बहीण स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या, पुढे तिलाही तोच झाला. ती म्हणते, हे आमच्या घराण्यातच आहे. डॉक्टर म्हणतात, योगायोग. तिकडे अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग याच शंकेचा माग काढत आहेत. सामंथा मॉर्टननं अ‍ॅनीचं दुःख आणि मिश्कीलपणा दोन्ही सुंदर सांभाळलं आहे.

पण प्रेक्षक काय घेऊन उठतो? अ‍ॅनी पहिल्यापासून बरोबर होती! इथे माझा मतभेद आहे. आपले नैयायिक सांगतात, दोन गोष्टी वारंवार एकत्र दिसणं हे सहचारदर्शन. तेवढ्यानं व्याप्ती सिद्ध होत नाही. स्तनाचा कॅन्सर बऱ्याच जणींना होतो, त्यातला आनुवंशिक साधारण ५ ते १० टक्के. तेव्हा डॉक्टरांनी शंका घेतली, यात चूक नव्हती. चूक ही, की 'सिद्ध झालेलं नाही' याचं त्यांनी 'खोटं आहे' असं केलं.

किंग यांनी काय केलं पाहा. कमी वयात रोग झालेली कुटुंबं वेगळी काढली, आणि सतराव्या गुणसूत्रावरची खूण स्पष्ट झाली. हे १९९० साली. प्रत्यक्ष जनुक १९९४ मध्ये दुसऱ्या गटानं शोधलं. माझ्या मते खरं नाट्य त्या वर्गीकरणात आहे. चित्रपटात ते अ‍ॅनीच्या कहाणीपुढे फिकं पडतं.

आणखी एक. आई, बहीण, मग आपण, ही साखळी पाहून वाटतं की ही बायकांच्याच रक्तातली नियती. तसं नाही. हा दोष वडिलांकडूनही येतो. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आणि मिळाला तरी कॅन्सर होईलच असं नाही. शक्यता म्हणजे नियती नव्हे, बरं का!

तर ताई, अनुभवातली खात्री ज्ञान नसेल, पण ती ज्ञानाचं दार ठोठावते. दार उघडायच्या आत तिला वेडी म्हणू नये, एवढं अ‍ॅनीनं मला शिकवलं. थांबतो.