पेरूची फांदी, चार अंडी

आमच्या मंद्रूप गावच्या बांधावरच्या बाभळीवरून धरलेला सोनकिडा ज्यानं काड्यापेटीत ठेवून पाला घालून सांभाळलाय, त्याला चित्रकार मारिया सिबिला मेरियन परकी वाटायची नाही. बाई सुरवंट घरात आणायची, ज्या झाडावर सापडला त्याचाच पाला त्याला घालायची आणि फुलपाखरू होईपर्यंत रोज बघत बसायची. 1699मध्ये, बावन्न वर्षांची असताना, धाकट्या लेकीला घेऊन ती सुरिनामला गेली. 1705मध्ये तिचा साठ चित्रांचा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला निघाला. त्यातल्या अठराव्या चित्रापाशी मी दरवेळी अडकतो.

पेरूची फांदी. पानं खाल्लेली, भोकं पडलेली. मुंग्या एकमेकींना धरून पूल बांधताहेत. आणि केसाळ कोळ्याच्या पायांखाली उताणा हमिंगबर्ड, शेजारी त्याचं घरटं, घरट्यात चार अंडी.

इथं खडा लागतो. हमिंगबर्ड दोनच अंडी घालतो. सुरवंट बाईनं पाळले होते. हे घरटं मला ऐकीव वाटतं, आणि म्हणूनच चित्राचा सूर इथं चढतो. पण चढला तो असा, की जीवांची वर्गवारी करणाऱ्या लिनियसनं 1758मध्ये कोळ्याला नाव दिलं तेही पाखरावरूनच: अ‍ॅविक्युलारिया. एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी हा प्रसंग थापच ठरवला. मग 1863मध्ये निसर्ग-अभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्सचं पुस्तक आलं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात अशा कोळ्याच्या तावडीतली दोन चिमुकली पाखरं त्यानं स्वतः पाहिली होती.

बाई सुटली. मला मात्र बेट्सनं तिथंच सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त आवडते. एका आदिवासी घरातली पोरं असल्याच कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखं घरभर फिरवत होती! खुद्द बेट्सला पहिल्या कोळ्याच्या केसांनी तीन दिवस छळलं होतं. पोरांना त्याचं काय? आपणही चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचोच की.

चित्रातला कोळी झाडावरचा. पण घरी कोळी पाळणाऱ्या शौकिनांत मोठा मान जमिनीतल्याला, थेराफोसा ब्लाँडीला. पाय पसरले तर 30 सेंटिमीटरच्या आसपास भरतो. रानात पाखरू क्वचित; बरंचसं पोट गांडुळांवर. त्याची पेटी उंच नको, कारण पडला तर पोट फुटतं. माती खोल हवी, ओलसर हवी. कात टाकताना उताणा पडतो. नवखा मालक मेला समजून हात लावतो, आणि तिथंच घात होतो. एरवी आठवडेच्या आठवडे काही घडत नाही. बिळाचं तोंड, आत अंधार, कधी दोन पाय. उन्हाळ्यात आमची काळी भेगाळते, तेव्हा एखाद्या भेगेपुढं स्टूल टाकून बसावं, तसलं हे बघणं.

मेरियननं हा पाळला असता, तर अठराव्या चित्रात पेरूची फांदीसुद्धा नसती. ओली माती, एक भोक, आणि आत ओढलं जाणारं गांडुळाचं शेवटचं टोक.